बार्शीचं नाटक आधी कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. गाव बार्शी. इंजिनीअरिंगसाठी पुण्यात आलास, तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा केलीस, शेवटच्या वर्षी दिग्दर्शन तुझं होतं. नंतर सुदर्शन या छोट्या रंगमंचावर दोन छोटी नाटकं केलीस. आता वय पंचवीस. एकीकडे एनएसडीचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, फॉर्म भरायचा आहे, दुसरीकडे बार्शीतल्या मित्रांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवायला बोलावलंय. पुणं सोडून गावी नाटक करायचं म्हणजे उलटं चालणं, असं तुला वाटतंय. आणि वडील विचारतायत, पोटाचं काय. ‘ताई, शिक्षण आधी की काम आधी?’ असं विचारलंयस.

या वर्षी बार्शीला जा. एनएसडीला तिशीपर्यंत अर्ज करता येतो, ती कुठं पळून जात नाही. बार्शीची पोरं मात्र तुझी वाट पाहत बसणार नाहीत. तू नाही म्हणालास तर दुसरं कुणीतरी पोलीस-चोर नाटक बसवून मोकळं होईल.

आता कारणं सांगते. वेळ लागेल.

पुरुषोत्तमपासून सुरुवात करू, कारण तुझी मुंज तिथंच लागलीय. महाराष्ट्रीय कलोपासकनं 1963 साली ही स्पर्धा सुरू केली आणि पुण्यातल्या निम्म्याहून अधिक नाटकवाल्यांना स्टेजचा पहिला वास तिथंच आला. तासाभराची एकांकिका, नेपथ्याचा डामडौल कमी, भर अभिनयावर आणि दिग्दर्शनावर. त्यामुळे पंधरा माणसं आणि दोन ठोकळे यांच्यातून काहीही उभं करायचं हे तुला येतं, ते पुण्याबाहेर फार कमी जणांना येतं. करंडक म्हणजे काय ते परीक्षकांनाही कळतं. 2022 साली त्यांनी तो कुणालाच दिला नाही. आरडाओरडा झाला. मला तो निर्णय आवडला होता, पण ते असो.

पुरुषोत्तम एक गोष्ट मात्र शिकवत नाही. तुझ्या एकांकिकेचे प्रयोग किती झाले? प्राथमिकला एक, पुढं गेलात तर अंतिमला एक. भरत नाट्य मंदिरात समोर बसलेले कोण? तुमचेच, नाहीतर समोरच्या कॉलेजचे. ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणणाऱ्या पोराला तुझं नाटक कळो न कळो, तो टाळी देणारच. सुदर्शनला शंभरेक माणसं मावतात, त्यातली साठ तुझ्या ओळखीची. म्हणजे आजवर तुझं नाटक अनोळखी माणसानं जवळपास पाहिलेलंच नाही. स्वतःच्या नाटकाचा आठवा प्रयोगही तू पाहिलेला नाहीस. दिग्दर्शकाचं अर्धं काम आठव्या प्रयोगाला दिसतं. कुठलं हशाचं वाक्य नटानं हळूहळू फुगवलंय, कुठला पॉज आता नुसताच थांबा झालाय, दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं दर वेळी का ढेपाळतात. पहिल्या प्रयोगाला सगळं तुझ्याच उत्साहावर चालतं, म्हणून काही दिसत नाही.

बार्शीला जा म्हणते ते मुख्यतः यासाठी. दुसरं कारण भाषेचं.

माझी फजिती सांगते. तिशीही गाठली नव्हती तेव्हा एका तालुक्याच्या गावी नाटक बसवायला गेले होते. पुण्याहून आलेल्या बाई, हातात वही, वहीत प्रत्येक पानावर हालचालींचे बाण. मुख्य भूमिका करणारा गृहस्थ दिवसा डॉक्टरांकडे कंपाउंडर होता, गळा उत्तम, उभं राहणं उत्तम. पण एका प्रवेशात लाकडासारखा व्हायचा. वाक्य होतं, ‘मी उद्या सकाळी तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा आपण बोलू.’ माझ्या वहीप्रमाणे त्या वाक्यावर त्यानं तीन पावलं दाराकडे जायचं, थांबायचं, वळायचं. चार दिवस घासून घेतलं, काही हलेना. पाचव्या दिवशी तालीम सुटल्यावर चपला घालता घालता तो कुणाला तरी म्हणाला, ‘सकाळच्याला येतो की मग, बोलू.’ म्हणता म्हणता एक पाऊल टाकलं, उंबऱ्यावर हात ठेवला आणि मान वळवली. माझा प्रवेश समोर उभा होता, फुकटात. तीन पावलं लांबलचक वाक्याची होती. त्याच्या वाक्याला एकच पाऊल पुरत होतं. मी त्याला चार दिवस दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून चालवत होते.

तू बार्शीचा आहेस, तुला हे माझ्याहून लवकर कळायला हवं. पण सात वर्षं पुण्यात राहिलायस. मला लिहिलेल्या अख्ख्या पत्रात एकदाही ‘यायलोय’, ‘करायलोय’ आलेलं नाही, सगळं ‘येतो आहे’, ‘करत आहे’. पत्रात ठीक आहे. तालमीत तुझ्या तोंडून ‘नीट उच्चार कर’ निघालं की समोरचा गप्प होईल. लगेच प्रमाण भाषा बोलू लागेल आणि नाटकात मरून जाईल. ‘मी यायलोय’ म्हणणाऱ्या माणसाचा श्वास वेगळ्या जागी पडतो. त्याचा राग वेगळ्या वेगानं चढतो. बोली म्हणजे मिरची-मसाला नव्हे. विनोदी नोकराच्या तोंडी बोली आणि नायकाच्या तोंडी सदाशिव पेठ, ही आपल्या रंगभूमीची जुनी खोड आहे. ती तुझ्या नाटकात दिसली तर मी अर्ध्यातून उठून जाईन.

पहिला आठवडा वाचनच कर, उभं राहू नका. लेखकाची परवानगी घेऊन नटांना वाक्यं त्यांच्या तोंडात बसवू दे, अर्थ न बदलता. त्यांनी काय बदललं ते लिहून ठेव. हालचाली नंतर.

याच वाटेनं जाऊन मोठी कामं झालीत. 2012 साली आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आठव. राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संभाजी भगत यांचं संगीत आणि मंचावर जालन्याकडची माणसं, त्यातले कित्येक शेती करणारे. ते नाटक महाराष्ट्रभर फिरलं आणि त्या पोरांची जीभ कुणी घासूनपुसून साफ केली नव्हती. पुण्यालाही हे फार आधी सुचलं होतं. थिएटर अकादमीनं 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नाटककार घडवण्याची आणि गावोगावचे नाट्यगट उभे करण्याची योजना चालवली, सतीश आळेकरांनी ती आखली होती. आज ‘प्रादेशिक रंगभूमी’ म्हणून जे परिसंवाद होतात त्यांत हा उल्लेख क्वचित येतो.

आता शिक्षणाविषयी. मी शिक्षणाच्या विरोधात नाही. ‘नाटक शिकवून येत नाही’ म्हणणारे बहुतेक लोक स्वतःच्या प्रकाशयोजनेत नटाचं तोंड अंधारात ठेवतात.

एनएसडी तीन वर्षांची. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, पुढं अभिनय किंवा डिझाइन आणि दिग्दर्शन. तिथं तुला नेपथ्याचा आराखडा मापात काढायला शिकवतील, लाकूडकाम, प्रकाश, वेशभूषा, जगाचा नाट्येतिहास आणि मुख्य म्हणजे मणिपूरच्या, केरळच्या, आसामच्या पोरांबरोबर राहायला मिळेल. काम हिंदीत. पुण्यातच राहायचं असेल तर विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, 1987 पासूनचं. गुरुकुल पद्धत, वर्गात थोडी डोकी, दर सत्रात निर्मिती. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरचा नाट्यविभाग तुला माहीत असतीलच. एक वर्षच काढता येणार असेल तर कर्नाटकात हेग्गोडूला नीनासम. खेड्यात राहून नाटक शिकायचं, भाषा कन्नड; भाषेला घाबरणार नसशील तर यादीत वर ठेव.

पण यांतलं काहीही घ्यायला जाताना हातात प्रश्न हवेत. रिकाम्या हातानं गेलेली मुलं तीन वर्षांनी शब्द घेऊन परततात. ‘स्पेस’, ‘एनर्जी’, ‘टेक्स्ट आणि सबटेक्स्ट’. प्रश्न घेऊन गेलेली मुलं वेगळी ओळखू येतात. बार्शीत एक नाटक दहा-बारा वेळा करून तू गेलास तर प्रकाशाच्या पहिल्याच तासाला विचारशील की दिव्यांचे सहाच चॅनेल चालू असतील तर रात्र आणि पहाट वेगळी कशी दाखवू. त्या प्रश्नाला शिक्षकही जागा होतो.

दिल्लीला जायच्या आधी तीन गोष्टी पाहून घे, म्हणजे तिथं ‘तुमच्याकडे काय आहे’ विचारलं की फक्त संगीत नाटकाचं नाव घेऊन थांबणार नाहीस. पहिली, तमाशा. पुण्याहून दोन-अडीच तासांवर नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. राहुटीत बसून व्यवहार ऐक आणि नंतर एखाद्या यात्रेत रात्र काढ. गण, गवळण, बतावणी, वग, सगळं बघ. बतावणीत सोंगाड्या प्रेक्षकातल्या एकाला कसा पकडतो आणि त्याला न दुखावता कसा सोडतो, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. दुसरी, सिंधुदुर्गातला दशावतार, कार्तिकानंतरच्या जत्रांतला. लिहिलेली संहिता नाही. आख्यान आधी ठरतं, मग संवाद ज्याचे त्यानं बोलायचे. मंचावर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. दिग्दर्शक नावाचा माणूस नाही आणि तरी कुणी कुणाच्या अंगावर आदळत नाही. असं का होतं, ते दोन रात्री बघून लिहून काढ. तिसरी, झाडीपट्टी: गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडची, दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटकं. वडसा हे तिचं मुख्य ठाणं. तिथली सगळीच नाटकं मला आवडतात असं नाही, ढणढणाट बराच असतो. पण तिकीट काढून शेतकरी बाया रात्रभर नाटक बघतात आणि आपण पुण्यात फुकट पास वाटून सभागृह भरवतो, एवढं लक्षात ठेवून बघ.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चं नाव इथं घ्यायलाच हवं. 16 डिसेंबर 1972, भरत नाट्य मंदिर. बामणांची ती रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी गर्दी. कोकणातले खेळे, कीर्तन असं बरंच काही त्यात मुरलंय. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर, नृत्य बसवणारे कृष्णदेव मुळगुंद यांनी जे केलं त्याला लोक सौंदर्यशास्त्र म्हणतात. मी तुला त्यातला टेम्पोवाल्याचा मुद्दा सांगते. भिंत माणसांची असेल तर ती स्वतःच्या पायांनी गाडीत चढते. 1980 साली ते नाटक युरोपात गेलं तेव्हाही भिंत तिकीट काढूनच गेली.

म्हणून बार्शीच्या नाटकाचं नेपथ्य ठरवताना पहिला प्रश्न, ते छोटा हत्तीत मावतं का. आठ बाय चारचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, चारापेक्षा जास्त नकोत. स्वतः जाऊन मंच फुटांत मोज, विंगेत किती जागा आहे ते मोज, कारण तालुक्याच्या सभागृहात विंगेत खुर्च्यांची चळत रचून ठेवलेली असते. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर किती चालतात ते प्रत्येक दिवा लावून बघ, मॅनेजरच्या सांगण्यावर जाऊ नको. पंखे चालू करून शेवटच्या रांगेत बस आणि एका नटाला साध्या आवाजात बोलायला लाव. आवाज पोचत नसेल तर माइक मागू नको, आधी नटांची तोंडं प्रेक्षकाकडे वळव. आमच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकात वीज गेली, जनरेटरवाला जेवायला गेलेला. प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे लावले आणि तो प्रवेश झाला. लोकांनी फार कौतुक केलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी नटांना विचारलं, ‘काल तुम्ही एकमेकांकडे बघत होतात, एरवी का बघत नाही?’ दिवे असले की सगळे स्पॉट शोधतात.

तालमीच्या वेळा. तुझे नट दुकानवाले, शिक्षक, बाजार समितीत काम करणारे असणार. साडेआठच्या आधी कुणी येणार नाही, अकराच्या पुढं कुणी टिकणार नाही. राज्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीच्या पुढं-मागं लागते आणि तुमच्याकडे त्याआधीच रब्बीच्या ज्वारीची पेरणी असते. शेतीवाला नट दहा दिवस गायब होईल, त्याच्यावर ओरडू नको, वेळापत्रक तसं आख. पंचेचाळीस दिवस धर, हातात तीसच येतील.

बायकांच्या भूमिकांबद्दल वेगळं बोलते, कारण पुरुष दिग्दर्शक इथं हमखास चुकतात. तालुक्याला ‘मुली मिळत नाहीत’ ही तक्रार तू आठवड्याभरात करशील. मुली मिळतात. अकरा वाजता घरी कोण सोडणार, तालमीच्या जागी स्वच्छतागृह आहे का, दौऱ्यात राहायची सोय काय, याची उत्तरं आधी तयार ठेव आणि घरी जाऊन आईशी बोल, फक्त वडिलांशी नाही. शक्य असेल तर एकीऐवजी दोघी-तिघी घे. एकटी मुलगी असलेला गट चौथ्या प्रयोगाला फुटतो, हे मी दोनदा भोगलंय. आणि बायकांच्या तालमी आधी उरकून त्यांना लवकर मोकळं करता येतं, त्यासाठी प्रवेशांचा क्रम मोडावा लागला तर मोड.

कागदपत्रांचं भान ठेव: लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. संहिता वेळेवर पाठव, शेवटच्या आठवड्यात धावपळ केलेले गट मी पाहिलेत. स्पर्धेकडून मिळणाऱ्या निर्मितीखर्चावर विसंबू नको.

पैशांबद्दल वडिलांना खोटं सांगू नको. प्रायोगिक आणि हौशी दिग्दर्शनावर घर चालत नाही, पुण्यात तर नाहीच. माझं घर पंधरा वर्षं भाषांतरं आणि शाळांतल्या नाट्यवर्गांवर चाललं. तुझ्या हातात इंजिनीअरिंग आहे, घरून करता येईल असं काम धर. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं, महिना 5,000 रुपये. वयाची अट 18 ते 25, म्हणजे तू काठावर आहेस, आजच बघ. व्यावसायिक नाटकात सहाय्यक म्हणून मुंबईला जाण्याचंही तू विचारलंयस. जा, पण एका नाटकापुरतं. तिथं वेळ आणि शिस्त शिकशील, तिसरी घंटा म्हणजे काय ते कळेल. दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलास तर दुसऱ्याच्या नाटकाच्या तारखा सांभाळणारा चांगला माणूस होशील, आणि अशा माणसाला मग कुणी सोडत नाही.

स्पर्धेचा निकाल काहीही लागो, नाटक मोडू नको. हौशी गटांचं दुर्दैव हेच की सोलापूरला प्रयोग झाला, बक्षीस आलं किंवा नाही आलं, की सेट अडगळीत. तू आधीच गटाकडून कबूल करून घे: स्पर्धेनंतर आठ प्रयोग. वैराग, कुर्डुवाडी, परांडा, तुळजापूर, धाराशिव, जिथं शाळेचं सभागृह मिळेल तिथं. प्रत्येक प्रयोगाला तू शेवटच्या रांगेत बसायचं, विंगेत नाही. नटांना त्या रात्री काही सांगायचं नाही. वहीत फक्त तीन गोष्टी लिहायच्या: लोक कुठं खोकले, कुठं मोबाइल उघडले, कुठं हसू यायला नको तिथं आलं. दुसऱ्या दिवशी त्यातली एकच दुरुस्त करायची. माझ्याकडे अशा वह्यांचं एक पोतं आहे, आणि मी कधी शिकवायला गेले तर पुस्तकांऐवजी त्या घेऊन जाते.

शेवटचे दोन प्रयोग पुण्यात लाव. बालगंधर्वचा नाद नको, हजारभर खुर्च्या भरता भरता मराल. सुदर्शन, ज्योत्स्ना भोळे सभागृह नाहीतर द बॉक्स बघ. आणि पुण्यात प्रयोग आहे म्हणून ‘यायलोय’चं ‘येतोय’ करू नका. इथला प्रेक्षक सुरुवातीला जरा कान टवकारेल, मग बसेल.

एनएसडीचा फॉर्म पुढच्या वर्षी भर. तिथं मुलाखतीत ‘काय केलंस’ विचारतील तेव्हा करंडकाचा फोटो दाखवू नको, ती वही दाखव. सध्या फक्त संहिता कुठली घेतलीय ते कळव, आणि वाचनाच्या पहिल्या दिवशी फोन चालू करून ठेव टेबलावर. मला तुझं काही ऐकायचं नाही, नट कसे बोलतायत ते ऐकायचंय.